पत्रं जंगलाची : ताडोबाला जाणाऱ्यांचे आणि ताडोबाशेजारी राहणाऱ्यांचे प्रश्न

उन्हाळी अंकात ताडोबावर लिहिलं आणि त्यानंतर एवढी पत्रं आली की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं काही जमणार नाही, म्हणून यावेळचं पूर्ण सदर ताडोबालाच दिलंय. मी चंद्रपूरची, या जंगलात येणंजाणं लहानपणापासून, त्यामुळे जे पाहिलंय आणि जे माहितीये तेच लिहिते.

प्रश्न : आम्ही पुण्याहून चौघं गेलो होतो. तीन सफारी केल्या, दोन मोहर्ली गेटहून आणि एक कोलाऱ्याहून. एकदाही वाघ दिसला नाही. बाकीच्या जिप्स्या इकडून तिकडे पळत होत्या आणि आमचा गाईड मात्र सारखी गाडी बंद करायला लावून कान देऊन बसायचा. गाईड कच्चा होता का? घरचे म्हणतात पैसे वाया गेले.

ताई, तुम्हाला चांगला गाईड मिळाला होता हो. गाडी बंद करून बसणारा गाईड मिळणं म्हणजे नशीब. जंगलात वाघ डोळ्यांनी नंतर सापडतो, आधी कानांनी सापडतो. चितळ ओरडतं ते बारीक आणि तीक्ष्ण, पण चितळ घाबरट असतं, बिबट्याला ओरडतं, रानकुत्र्यांना ओरडतं, कधी नुसतं झुडूप हललं तरी ओरडतं. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरल्यासारखा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, देतं, त्याला वरून दिसत असतं म्हणून त्याच्यावर जरा जास्त भरवसा. आणि सांबर. सांबराचा तो एकच जाड ‘ढांक’ आला, थोड्या वेळाने परत आला, आणि दोन्ही वेळा एकाच बाजूने आला, की गाईड सरळ होऊन बसतो, कारण सांबर उगाच ओरडत नाही. हे सगळं इंजिनच्या आवाजात ऐकू येणार आहे का? पळणाऱ्या जिप्सीतल्या लोकांना कॉल ऐकूच येत नाहीत, ते दुसऱ्या गाड्यांच्या मागे पळतात.

आता हिशोब बघा. अख्खा व्याघ्र प्रकल्प कोअर (आतलं राखीव जंगल) आणि बफर (त्याच्याभोवतीचा पट्टा) मिळून 1,700 चौरस किलोमीटरच्या वर आहे, 2022 च्या गणनेत इथे 97 वाघ धरलेत. कोअरचा फार तर 20 टक्के भाग पर्यटनाला उघडा ठेवता येतो, 2012 मधे सुप्रीम कोर्टात प्रकरण गेलं होतं, तीन महिने देशभर कोअरमधलं पर्यटन बंद होतं, त्यानंतर आलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे बसवलंय. म्हणजे उरलेल्या 80 टक्क्यांत वाघ आपल्याला न दिसता आपलं आयुष्य काढतो, आणि काढायलाच पाहिजे. दिवसाचा बराच वेळ तो झोपून असतो, झडप घातली तरी बहुतेक वेळा शिकार हातची जाते, आणि एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास तरी मोठी जनावरं लागतात, चितळ, सांबर, रानडुक्कर, रोही (नीलगाय). ही सगळी जनावरं तुम्हाला तीन सफारीत दिसली असणारच. तुमच्या पत्रात एका शब्दानेही त्यांचा उल्लेख नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

पुढच्या वेळी गेलात तर एक गोष्ट करा, पहाटेच्या सफारीत रस्त्याच्या धुळीकडे बघा. धुळीत टायरच्या खुणा असतात, आणि त्या खुणेच्या वर जर पंजाचा ठसा उमटलेला असेल तर वाघ गाडीनंतर गेलाय, आणि ठशावर टायर असेल तर आधी. माझ्या एका गाईडने एकदा थांबवून दाखवलं, ठशाच्या कडा अजून कोसळलेल्या नव्हत्या, मातीचे बारीक कण कडेला उभे होते. तो म्हणाला, ‘अर्धा तास झाला असंल ताई, जास्त नाही.’ त्या दिवशी वाघ दिसला नाही. पण तो ठसा मला आजही आठवतो.

प्रश्न : मोबाईल का काढून घेतात? आम्ही फोटो फक्त मोबाईलवरच काढतो.

2019 च्या डिसेंबरपासून ताडोबात सफारीला मोबाईल बंद आहे आणि माझ्या मते तो फार आधी व्हायला हवा होता. एका ड्रायव्हरला वाघ दिसला की फोन जायचा, दहा मिनिटांत तिथे वीस गाड्या. शिवाय सेल्फीसाठी जिप्सीतून अर्धं अंग बाहेर काढून वाघाकडे पाठ करून उभी राहणारी माणसं मी स्वतः पाहिलीयेत. कॅमेरा नेता येतो. नसेल तर नका नेऊ, दोन डोळे आहेत की.

प्रश्न : सासूबाई 70 च्या आहेत आणि मुलगा 6 वर्षांचा. कोणत्या महिन्यात न्यावं? मे महिन्यात वाघ नक्की दिसतो असं ऐकलं.

नक्की काहीच नसतं. मे मधे दिसण्याची शक्यता जास्त हे बरोबर, नाले कोरडे पडतात, पानं गळून जंगल उघडं होतं आणि सगळी जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात. पण चंद्रपूरचं ऊन 45-46 अंशांवर जातं आणि दुपारची सफारी उघड्या जिप्सीत चार तास असते, ते 70 वर्षांच्या बाईला आणि 6 वर्षांच्या पोराला झेपायचं नाही, हे मी तुम्हाला स्पष्टच सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी न्या. मात्र पहाटे जिप्सीत वारं असं झोंबतं की कानटोपी, शाल, हातमोजे घेतल्याशिवाय बसू नका, डिसेंबरात विदर्भातली थंडी काय असते ते पुण्या-मुंबईकडच्यांना माहीत नसतं. कोअर मंगळवारी बंद असतं आणि पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद, तेव्हा रेल्वेचं तिकीट काढायच्या आधी हे बघा. बुकिंग फक्त प्रकल्पाच्या अधिकृत साइटवरूनच करा आणि ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलं तेच मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, गेटवर नाव जुळवून बघतात. कपडे मळखाऊ रंगाचे, अत्तर नको, आणि मुलाला आधीपासून हळू बोलायचा सराव करा.

प्रश्न : वाघ दिसला पण त्याच्याभोवती इतक्या गाड्या होत्या की आम्हालाच लाज वाटली. आम्ही पर्यटक म्हणून काय करू शकतो? गाईडला सांगितलं तर तो म्हणाला, बाकीचे थांबलेत, आपणच कसं जायचं.

तुम्हाला लाज वाटली हे वाचून बरं वाटलं, कारण बहुतेकांना वाटत नाही.

एक प्रसंग सांगते. मे महिना, बफरमधला एक पाणवठा, संध्याकाळची वेळ. एक वाघीण बांबूतून बाहेर आली आणि रस्ता ओलांडून पाण्याकडे गेली. तिच्या मागे तीन पिल्लं होती, पाचेक महिन्यांची असतील. ती रस्त्यावर यायच्या आत दोन्हीकडून जिप्स्या आल्या, मधली जागाच संपली. वाघीण पाण्याच्या काठावर उभी राहून मागे बघत होती आणि अगदी हळू, घशातल्या घशात आवाज काढत होती, पिल्लांना बोलवायचा तो आवाज. पिल्लं बांबूच्या बेटात दबून बसली, एकाचे फक्त कान दिसत होते. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. एकही गाडी मागे सरली नाही, आमचीसुद्धा नाही, आमच्या मागे दुसरी उभी होती. शेवटी वाघीण पाणी न पिता परत फिरली, लांबून वळसा घालून पिल्लांकडे गेली आणि आत निघून गेली. 45 अंशाच्या दिवशी ती पाणी न पिता गेली. आमच्या जिप्सीत कोणी बोललं नाही.

नियम स्पष्ट आहेत, कुठल्याही जनावरापासून किमान 20 मीटर, दोन गाड्यांमधे 50 मीटर, आणि एका ठिकाणी वाघ दिसला तर एका गाडीने 15 मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. वाघाचा रस्ता अडवणं हा तर सरळ गुन्ह्यात मोडणारा प्रकार. 2024 च्या 31 डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला तिच्या पाच बछड्यांसकट जिप्स्यांनी दोन्हीकडून घेरलं होतं, व्हिडिओ सगळीकडे फिरला, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि ड्रायव्हर-गाईडांवर निलंबनाची, दंडाची कारवाई झाली. कारवाई व्हायलाच हवी होती, पण मला कायम वाटतं की त्या गाड्यांत बसलेल्या पर्यटकांचं काय? ड्रायव्हर पुढे घेतो तो कुणासाठी? ‘जरा पुढे घ्या ना, फोटो नीट येत नाही’ हे वाक्य, आणि चांगलं सायटिंग दिलं की हातावर टेकवलेली जास्तीची टीप, यानेच ती सवय लागलीये.

म्हणून तुम्ही काय करायचं तर सफारी सुरू व्हायच्या आधीच, गेटवरच, ड्रायव्हर आणि गाईड दोघांना सांगायचं की दादा, आम्हाला वाघ लांबूनच बघायचाय, रस्ता अडवायचा नाही, गर्दी झाली तर गाडी काढा, आणि टीप वाघ दिसो न दिसो तेवढीच मिळेल. ऐन वेळी सांगून उपयोग नसतो, आधी सांगितलं तर त्या पोरांनाही धीर येतो, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मनातून हे पटलेलंच असतं. ही मुलं आसपासच्या गावांतलीच आहेत, त्यांचं जंगल आहे ते. आणि घेराव घातलेला दिसलाच तर गाडीचा नंबर, वेळ आणि ठिकाण लिहून बाहेर आल्यावर गेटवर लेखी तक्रार द्या.

प्रश्न : मी आठवीत आहे. वाघ मोजतात कसे? तोच वाघ दोनदा मोजला गेला तर?

शाब्बास, फार चांगला प्रश्न. पूर्वी पंजाच्या ठशांवरून मोजायचे आणि तू म्हणतोस तसाच घोळ व्हायचा. आता जंगलाचे 2 चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात आणि वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. दोन का, तर वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे वेगळे आणि उजव्या अंगावरचे वेगळे, आणि आपल्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे. मग कॉम्प्युटरवर फोटो जुळवून बघतात, त्यामुळे एक वाघ दहा कॅमेऱ्यांत आला तरी एकच धरला जातो. देशभरची गणना दर चार वर्षांनी होते, 2022 मधे महाराष्ट्रात 444 वाघ धरले गेले, त्याआधी 2018 मधे 312 होते.

आणि अजून एक गोष्ट तुला माहीत असावी असं मला वाटतं. या गणनेसाठी वनरक्षक पायी जंगल तुडवतात, हातात काठी, बरोबर एकदोन वनमजूर. 2021 च्या नोव्हेंबरमधे ताडोबाच्या कोलारा भागात अशाच कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. वाघीण रस्त्यात बसलेली दिसली म्हणून त्या थांबल्या होत्या, बऱ्याच वेळाने बाजूने वळसा घेऊन निघाल्या, तेव्हा हे घडलं. आपण जो आकडा वाचतो तो अशा पावलांनी गोळा झालेला असतो.

प्रश्न : आमचं गाव बफरमधी आहे. तुम्ही पर्यटकायले सगळं सांगता, कपडे कोणते घाला, टीप किती द्या. आमी मोहाले जातो, तेंदूपत्त्याले जातो, सरपणाले जातो, आमच्यासाठी कोणी लिहित नाई. मागच्या सालात आमच्या नात्यातला माणूस वाघानं नेला. शहरातले लोक म्हणतात वाघ वाचवा. आमी कसे वाचू ते सांगा.

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे, आमच्यासारखे लिहिणारे गेटच्या आतलंच लिहितात. तुमच्या घरात जे झालं त्यावर माझ्याकडे सांत्वनाचे शब्द नाहीत.

इतर वाचकांसाठी आधी थोडं सांगते. ताडोबाचा बफर 1,100 चौरस किलोमीटरचा आहे आणि तो रिकामा नाही, त्यात गावं आहेत, धानाची शेतं आहेत, गुरं आहेत. वाघाचं पिल्लू दोन वर्षांचं झालं की आईपासून सुटतं आणि स्वतःचा इलाका शोधायला निघतं, कोअर आधीच भरलेलं, मग ते बफरमधे येतं, तिथून ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांकडे जातं, तिथे जंगल आणि शेत यांच्यात कुठे रेघ मारलेली नाही. एप्रिलमधे मोहफुलं पहाटे पडतात, बाई अंधारातच निघते कारण उशीर झाला तर गुरं आणि चितळं फुलं खाऊन जातात, आणि ती वाकून, बसून वेचते. वाकलेला माणूस वाघाला माणूस दिसत नाही, चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. मे मधे तेंदूपत्त्याचंही तेच. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात एकाच दिवशी तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात मेल्या. ही माणसं वाघाच्या वाटेला मजेसाठी जात नाहीत, पंधरा-वीस दिवसांच्या त्या कमाईवर घरातलं बियाणं आणि पोरांची फी ठरते.

आता तुमच्यासाठी. हे तुम्हाला ठाऊक असेलही, तरी लिहिते. उजाडल्याशिवाय जाऊ नका, थोडी फुलं कमी मिळाली तरी चालतील. चार-पाच जणी मिळून जा आणि एकीने उभंच राहायचं, वेचायचं नाही, फक्त चहूकडे बघायचं आणि मोठ्याने बोलत राहायचं, मग पाळी बदलायची, आणि तिच्या वाटणीची फुलं बाकीच्यांनी द्यायची. मोहाखाली पाचोळा जाळण्यापेक्षा जाळी किंवा जुन्या साड्या अंथरल्या तर वेचायला वाकावं कमी लागतं आणि वणवाही लागत नाही. वाघ दिसला तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, एकमेकींना धरून उभं राहून हळूहळू मागे यायचं. गावात प्राथमिक कृती दलाची, म्हणजे वनविभागाला मदत करणाऱ्या गावातल्याच पथकाची, पोरं असतील तर त्यांना सीझनच्या आधीच विचारा की कुठल्या बाजूला वाघीण पिल्लांसोबत आहे, ते सांगणं त्यांचं कामच आहे, आणि वनविभागाचा टोल फ्री नंबर 1926 सगळ्यांच्या फोनमधे ठेवा.

गाय-बैल मारला गेला तर 48 तासांच्या आत वनविभागाला कळवा आणि मेलेलं जनावर जागचं हलवू नका, हलवलं की पंचनाम्यात अडकतं. माणूस गेला तर सरकारची मदत आता 25 लाख रुपये आहे, त्यातले काही लगेच आणि बाकीचे बँकेत ठेव म्हणून मिळतात. कागद अडवले तर वरिष्ठ वन अधिकाऱ्यांकडे लेखी जा, प्रत्येक अर्जाची पोच घ्या, तोंडी आश्वासनावर घरी येऊ नका. आणि शेतात जागलीला जाणाऱ्या तुमच्या घरच्या माणसांना माझी एक विनंती कळवा, डुकरासाठी तारेत करंट सोडू नका, त्यात वाघ मरतात हे तर आहेच, पण अंधारात पाय पडून शेजारचा माणूसही मरतो, आणि मग जेल होते. सौर कुंपणाला अनुदान आहे, ते मागा.

पैशाने माणूस परत येत नाही हे मला कळतं. पण जंगल शहराच्या लोकांसाठी राखायचं आणि त्याची किंमत तुमच्या गावांनी मोजायची, हे बरोबर नाही, आणि हे मी या सदरात यापुढेही लिहीत राहणार.

प्रश्न : वाघ जास्त झालेत तर दुसऱ्या जंगलात नेऊन सोडा ना, एवढं काय त्यात?

नेतात. पण वाघाला तिथे राहायचंय की नाही हे तो स्वतः ठरवतो. 2024 मधे ताडोबातून दोन वाघिणी ओडिशाच्या सिमिलीपालला नेल्या, जमुना आणि झीनत. झीनत तिथून निघाली ती झारखंड ओलांडून पश्चिम बंगालमधे पोचली, आणि डिसेंबरच्या शेवटी बांकुड्यात तिला बेशुद्ध करून पकडावं लागलं. नेणं हा उपाय आहे, पण खरा उपाय वाघ स्वतःच्या पायाने दुसऱ्या जंगलात जाऊ शकेल असे कॉरिडॉर शाबूत ठेवणं, आणि चंद्रपूरात नेमके तेच खाणी, रस्ते आणि रेल्वेलाईनने तुटत चाललेत.

प्रश्न : ताडोबा हे नाव कुठून आलं?

तारू या गोंड देवावरून. सांगतात की तो गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना गेला, आणि तलावाच्या काठी झाडाखाली त्याचं ठाणं झालं. पौषात तिथे आदिवासी बांधवांची जत्रा भरते. 1955 मधे राष्ट्रीय उद्यान झालं, देव त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

प्रश्न : पाण्याच्या रिकाम्या बाटल्या सफारीत कुठे टाकायच्या? जंगलात डबे दिसले नाहीत.

डबे नाहीतच, बरोबर परत आणायच्या. 2024 च्या सुरुवातीला निमढेला बफरमधे, रामदेगीच्या बाजूला, एका वाघाने पाण्यातून प्लास्टिकची बाटली तोंडात उचलून नेतानाचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. लोकांनी ‘बघा वाघ सफाई करतोय’ म्हणून कौतुक केलं. मला तो व्हिडिओ पूर्ण बघवला नाही. घरूनच स्टीलची बाटली न्या.

प्रश्न : आम्ही स्वतःच्या गाडीने नागपूरहून येतो आणि मूलमार्गे परत जातो. रस्त्यात काही काळजी?

हो, आणि हा प्रश्न कोणीच विचारत नाही म्हणून तुमचे आभार. चंद्रपूर-मूल रस्ता जंगलातून जातो आणि तो वाघ-बिबट्यांच्या येण्याजाण्याचा मार्ग आहे, रस्त्यावर गाडीखाली जनावरं मरतात. अंधार पडायच्या आत तो पट्टा पार करा. उशीर झालाच तर वेग 40 च्या खाली ठेवा, आणि एक चितळ रस्ता ओलांडून गेलं की लगेच गाडी पळवू नका, थांबा, त्याच्या मागे अजून असतात. जनावर दिसलं तर लाईट डिपरवर करा, हॉर्न वाजवू नका, आणि फोटोसाठी गाडीतून खाली उतरू नका. जखमी जनावर दिसलं तर जवळ न जाता 1926 ला फोन करा आणि जवळचा किलोमीटरचा दगड सांगा, रात्रीच्या वेळी तेवढ्यावरूनच टीमला जागा सापडते.